फिनलंडचं अणुकचऱ्याचं ‘गोदाम’ हे गोदाम नाहीच! ‘लोप्पुसियोइतुस’ म्हणजे काय?

फिनलंडमध्ये जमिनीखाली ४०० मीटरहून खोल खडकात अणुकचरा पुरणार, असे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. ‘अणुकचऱ्याचं गोदाम’ असं त्याला सर्रास म्हटलं जातं. फिनिश भाषेत मात्र शब्द आहे ‘लोप्पुसियोइतुस’. फरक मोठा आहे.

‘लोप्पु’ म्हणजे शेवट. ‘सियोइतुस’ म्हणजे जागेवर ठेवणं. तो आला ‘सिया’वरून, म्हणजे जागा. (गंमत म्हणजे व्याकरणातल्या विभक्तीलाही ‘सिया’च म्हणतात आणि सियोइतुसचा आणखी एक अर्थ गुंतवणूक!) थोडक्यात, कायमचं ठेवून देणं. वापरलेलं इंधन आधी काही दशकं पाण्याच्या टाक्यांत थंड होतं, त्या साठवणुकीच्या शब्दाआधी ‘वॅलि’ लागतं, म्हणजे मधली. गोदामातला माल कधीतरी बाहेर काढायचा असतो, इथे तो बेत नाही.

पूर्ण संज्ञा आहे ‘युदिन्यॅत्तेन लोप्पुसियोइतुस’. ‘युदिन्यॅते’ म्हणजे अणुकचरा. षष्ठीचा ‘न’ लागताना शब्दातला ‘त’ दुप्पट होतो, शेवटचा ‘ए’ लांबतो. आपल्याकडे ‘कचरा’चं ‘कचऱ्याचं’ होतं ना, तसंच. शाळेत सामान्यरूपाने छळलं असेल, तर फिनिशमध्ये विभक्तीच १५ आहेत. यातला ‘यॅते’ म्हणजे कचरा हा शब्द ‘मागे सोडणं’ या अर्थाच्या क्रियापदापासून बनलाय.

फिनलंडला हा ‘शेवट’ घरातच शोधावा लागला. लोविसा प्रकल्पातलं वापरलेलं इंधन १९९६ पर्यंत रशियाला जायचं. १९९४ च्या कायद्यातल्या बदलाने ते बंद झालं. २००१ मध्ये संसदेने ओल्किलुओतो बेटावरच्या योजनेला मान्यता दिली, २००४ मध्ये ‘ओंकालो’चं खोदकाम सुरू झालं. ओंकालो म्हणजे पोकळी. इंधन तांब्याच्या डब्यांत, भोवती बेंटोनाइट माती, बाहेर जवळपास १.९ अब्ज वर्षं जुना खडक आणि शेवटी बोगदेही बुजवायचे. २०२४ मध्ये खऱ्या कचऱ्याशिवाय चाचणी सुरू झाली.

पण ‘लोप्पु’ नेमका कशाचा? किरणोत्साराचा नाही. तो धोका लाखभर वर्षांच्या हिशेबात मोजतात. संपणार आहे ती माणसाची राखण. मला हा शब्द म्हणूनच थोडा जास्त निर्धास्त वाटतो.

भारत वापरलेल्या इंधनाला सरसकट कचरा मानत नाही. पालघरमधल्या तारापूरसारख्या ठिकाणी त्यातून प्लुटोनियम वेगळं काढलं जातं. उरलेला तीव्र किरणोत्सारी भाग काचेत बंद करून ठेवतात. खडकातली कायमची जागा आपल्याकडे अजून नाही. म्हणजे आपला मुक्काम सध्या ‘वॅलि’तच.