गल्ला कुणाचा, गर्दी कुणाची?

चित्रपटमालिकांची तुलना निघाली की हल्ली वाद सुरू होण्याआधीच संपवला जातो. कुणीतरी कमाईचं कोष्टक पुढे टाकतं. वरच्या पायरीवर मार्व्हल: २००८च्या ‘आयर्न मॅन’पासून तीसहून जास्त चित्रपट आणि एकूण गल्ला तीस अब्ज डॉलरच्या पुढे. मग ‘स्टार वॉर्स’, हॅरी पॉटर वगैरे मंडळी. बरंच खाली उतरल्यावर जेम्स बाँड भेटतो, पंचवीस चित्रपट मिळून सात अब्जांच्या घरात. म्हणजे मार्व्हल बाँडच्या चौपट लोकप्रिय. विषय आटोपला, चहा मागवा.

हा पूर्वपक्ष वाटतो तितका पोचट नाही. प्रेक्षक तोंडाने काहीही बोलतो, खिशात हात घालताना मात्र खरं बोलतो. समीक्षकांच्या याद्या आणि पुरस्कारांच्या बाहुल्या यांच्यापेक्षा तिकीटबारीवर पडलेला पैसा हा जास्त प्रामाणिक साक्षीदार आहे. आणि ‘आमच्या वेळी काय गर्दी लोटायची’ या आठवणीला आकडा नसतो, गल्ल्याला असतो. इथपर्यंत माझं काही भांडण नाही. पैसे मोजायचे आणि माणसं मोजल्याचा आव आणायचा, याला मात्र माझी हरकत आहे.

दोन मालिका कशाला, एकाच मालिकेतले दोन चित्रपट घेऊ. ‘थंडरबॉल’ १९६५च्या डिसेंबरात आला. जगभरात त्याला सुमारे १४ कोटी डॉलर मिळाले, पैकी ६ कोटी ३६ लाख अमेरिका-कॅनडात. ‘स्कायफॉल’ २०१२चा: जगभरात ११० कोटी, अमेरिका-कॅनडात ३० कोटी ४० लाख. कोष्टकाच्या मते ‘स्कायफॉल’ जवळपास आठपट मोठा. एक अब्जाची रेषा ओलांडणारा पहिला बाँडपटही तोच. आता यात तिकिटाचा दर आणा. अमेरिकेत १९६५ साली तिकीट सरासरी एका डॉलरला मिळत होतं, २०१२ साली आठ डॉलरला. भागाकार केला की ‘थंडरबॉल’ची तिकिटं सहा कोटींच्या वर जातात आणि ‘स्कायफॉल’ची चार कोटींच्या आत राहतात. त्या दोन देशांची लोकसंख्या पहिल्या वेळी एकवीस कोटींच्या आसपास होती, दुसऱ्या वेळी पस्तीस कोटींच्या. म्हणजे तेव्हा दर साडेतीन माणसांमागे एक तिकीट, नंतर नवांमागे एक. कुणी दोनदा पाहिला असेल, ‘थंडरबॉल’ पुढे पुन्हा लागला तेव्हाचीही काही तिकिटं त्यात असतील; ती सगळी वजा केली तरी दरी बुजत नाही.

‘तेव्हा करमणुकीला दुसरं होतं काय?’ हा प्रश्न इथे हमखास येतो. होतं की. १९६५ साली अमेरिकेतल्या दहापैकी नऊ घरांत टीव्ही होता, आणि टीव्हीच्या धसक्याने हॉलिवूड आधीच पंधरा वर्षं कण्हत होतं. लोक तो संच बंद करून बाँडसाठी घराबाहेर पडत होते.

मग दुसरा पवित्रा घेतला जातो: महागाई धरून आकडे दुरुस्त करा, सगळं ठीक होईल. होत नाही. महागाईचा निर्देशांक भाडं, धान्य, पेट्रोल यांच्यावर बेततात. सिनेमाचं तिकीट त्याच चालीने चालत नाही. एकच चित्रपट, एकच शहर, एकच दिवस. साध्या पडद्याचा दर वेगळा, आयमॅक्सचा वेगळा, थ्रीडीचा आणखी वेगळा. शिवाय डॉलरही सगळे सारखे नसतात, हे तर या कोष्टकवाल्यांच्या गावीही नसतं. ‘फ्युरियस सेव्हन’ने २०१५ साली जगभरात १५१ कोटी डॉलर गोळा केले, त्यांतले ३९ कोटी चीनमधून आले. पण चीनमध्ये परदेशी स्टुडिओला गल्ल्याच्या पंचवीस टक्के मिळत. अमेरिकेत साधारण निम्मा हिस्सा मिळतो. म्हणजे बीजिंगच्या तिकीटबारीवरचा डॉलर निर्मात्याच्या वहीत पोचेपर्यंत लॉस एंजलिसच्या डॉलरच्या निम्मा झालेला असतो.

तेव्हा गल्ल्याने लोकप्रियता धड कळत नाही, हे झालं. निदान यश तरी कळतं का? ‘स्टार वॉर्स’मधला ‘सोलो’ २०१८ साली आला, जगभरात ३९ कोटी डॉलरवर थांबला, आणि पंचवीस कोटींहून मोठ्या खर्चापायी तोट्यात गेल्याचं सगळ्यांनी मानलं. २०२३चा ‘गॉडझिला मायनस वन’ दीड कोटी डॉलरच्याही आत उरकलेला. त्याने दहा कोटींहून जास्त मिळवले, वर दृश्यपरिणामांचं ऑस्कर घरी नेलं. कोष्टकात ‘सोलो’ त्याच्या कितीतरी वर बसतो. बसू द्या.

फ्रान्स आणि दक्षिण कोरिया या बाबतीत जास्त शहाणे. तिथे चित्रपट किती चालला हे सांगताना आधी प्रेक्षकसंख्या सांगतात, पैसा मागून. आपल्याकडेही कोटींचं वेड तसं अलीकडचं. ‘शंभर कोटी क्लब’ हा शब्दप्रयोग २००८च्या ‘गजनी’नंतर रुळला. त्याआधी आपण आठवडे मोजत होतो. दादा कोंडके यांच्या लागोपाठ नऊ चित्रपटांचे रौप्यमहोत्सव झाले आणि त्याची नोंद गिनीज बुकात गेली. त्या नऊ चित्रपटांनी किती रुपये जमवले हे सांगायची कुणाला गरज पडली नाही. आठवड्यांचं मापही अगदी सोवळं होतं असं नाही. रिकाम्या खुर्च्यांपुढे खेळ लावून पंचविसावा आठवडा ओढून आणण्याची युक्ती या धंद्यात सगळ्यांना ठाऊक होती. पण निदान ते माप प्रेक्षकाच्या येण्याजाण्याचं होतं.

आता मंडनाकडे. डोकी मोजली की प्रश्न सुटला, असं मी म्हणत नाही. डोकी कोणत्या काळात मोजली, हेही पाहावं लागतं. गॉडझिलाचंच घ्या. १९५४चा पहिला चित्रपट जपानमध्ये ९६ लाख लोकांनी पाहिला. १९६२ साली त्याची किंग काँगशी झुंज लावली तेव्हा ही संख्या एक कोटी बारा लाखांवर गेली, आणि १९७५च्या चित्रपटाला दहा लाखही प्रेक्षक मिळाले नाहीत. पण त्याच तेरा वर्षांत सबंध जपानची चित्रगृहं ओस पडत होती. १९६२ साली देशभरात ६६ कोटी तिकिटं खपली होती, १९७५ साली १७ कोटी. चौपट घसरण काळाची. गॉडझिलाची अकरापट. मधला फरक त्या राक्षसाच्या स्वतःच्या पदरात घालायचा. तोहो कंपनीने नऊ वर्षं त्याला झोपवून ठेवलं ते उगाच नाही.

आणि नेमक्या याच पडत्या काळात एका फिरत्या विक्रेत्याने जपानला वेड लावलं. तोरा-सान हे त्याचं नाव. मालिकेचं नाव ‘ओतोको वा त्सुराई यो’. तोक्योच्या शिबामाता पेठेतला हा भणंग डोक्याला हॅट घालून, हातात पेटी घेऊन गावोगावच्या जत्रांत माल विकत फिरतो. मध्येच घरी उगवतो, धाकट्या बहिणीच्या जिवाला घोर लावतो, काकांशी भांडतो, एखाद्या बाईच्या प्रेमात पडतो. ती बाई बहुतेक चित्रपटांत नवी. प्रेम दर चित्रपटात फसतं. तो पुन्हा वाट धरतो. १९६९ ते १९९५ या काळात कियोशी आत्सुमी या एकाच नटाला घेऊन असे अठ्ठेचाळीस चित्रपट निघाले, दोन सोडून सगळे योजी यामादा यांनी दिग्दर्शित केलेले. बरीच वर्षं तोरा-सान वर्षातून दोनदा येई, नववर्षाला आणि पितरांच्या ओबोन सणाला. एखाद्या चित्रपटाला पंधरा-वीस लाख माणसं येत; १९७३च्या एका चित्रपटाला चोवीस लाख आली. अठ्ठेचाळीस मिळून जवळपास आठ कोटी तिकिटं. शोचिकू या स्टुडिओचा संसार कितीतरी वर्षं याच भणंगाने चालवला.

यातला एकही चित्रपट जागतिक कोष्टकात कुठे दिसणार नाही. जपानबाहेर ही मालिका कुणी फारशी पाहिली नाही, तिकिटं येनमध्ये विकली गेली, थ्रीडीचा चष्मा कुणी घातला नाही. पण सिनेमाला जायची सवय सुटत चाललेल्या देशात, शेवट आधीच ठाऊक असलेली गोष्ट बघायला लोक सव्वीस वर्षं येत राहिले. १९९६ साली आत्सुमी गेले तेव्हाच ती मालिका थांबली. याला लोकप्रियता म्हणायचं नसेल, तर तो शब्द कोशातून काढून टाकलेला बरा.

म्हणून माझं मत असं. लांब चाललेल्या मालिकेची लोकप्रियता पाहायची तर आपल्या काळातल्या एकूण प्रेक्षकांतला किती वाटा तिने ओढला ते पाहावं, आणि आपटल्यावर ती पुन्हा उठली का ते पाहावं. हे दुसरं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. बाँड १९८९ साली चांगलाच आपटला होता. ‘लायसन्स टू किल’ला अमेरिकेत साडेतीन कोटी डॉलरही मिळाले नाहीत, तेव्हाच्या चार डॉलर दराने नव्वद लाखांच्या आत तिकिटं. त्यात कोर्टकज्जे लागले, सहा वर्षं चित्रपट नाही. मधल्या मध्ये सोव्हिएत संघ मोडला आणि या हेराला वैरीही उरला नाही. तरी १९९५ साली नवा नट, हेरखात्याच्या खुर्चीत ज्युडी डेंच, आणि ‘गोल्डनआय’ची अमेरिकेत सुमारे दोन कोटी चाळीस लाख तिकिटं!

मार्व्हलला मी कमी लेखत नाही. अकरा वर्षांत बावीस चित्रपट काढायचे आणि बाविसाव्याला, ‘एंडगेम’ला, आधीचं सगळं लक्षात ठेवून आलेला प्रेक्षक अख्ख्या जगात उभा करायचा, हे बाँडला कधी जमलेलं नाही, त्याने ते मनावरही घेतलं नाही. चित्रपटागणिक सरासरी काढली तरी मार्व्हल दांडगाच ठरतो. पण पडण्याची परीक्षा त्याच्यापुढे आत्ता कुठे आली आहे. ‘कॅप्टन मार्व्हल’ २०१९ साली ११३ कोटी डॉलरवर गेला होता, त्याच नायिकेचा ‘द मार्व्हल्स’ २०२३ साली २१ कोटींच्याही आत गडगडला. पुढच्याच वर्षी ‘डेडपूल अँड वुल्व्हरिन’ने १३३ कोटी आणून दिले हे खरं, पण त्यातले दोन्ही वीर दुसऱ्या स्टुडिओच्या अंगणात वाढलेले. बाँडने साठ वर्षांत सहा नट पचवले. मार्व्हलला आयर्न मॅनची जागा अजून भरता आलेली नाही.

२०२५ साली बाँडची सूत्रं ॲमेझॉनकडे गेली. सातवा बाँड येईल तेव्हा त्याने ‘स्कायफॉल’चा आकडा मागे टाकला तर नवल वाटायला नको, तिकिटांचे चढलेले दरच त्याचं बरंचसं काम करतील. ‘आजवरचा सर्वांत यशस्वी बाँडपट’ हा मथळा तेव्हा तयारच असेल. पण अमेरिकेत ‘थंडरबॉल’इतकीच तिकिटं खपवायची, तर आजच्या साधारण अकरा डॉलर दराने त्याला एकट्या त्या बाजारात सत्तर कोटी डॉलरच्या जवळ जावं लागेल. तिथवर पोचलेले चित्रपट आजही हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत, आणि त्यांत बाँडचा एकही नाही.