कोंबडीला मठ्ठ म्हणण्यापूर्वी

मे महिन्यातल्या दुपारी एखाद्या पोल्ट्रीच्या शेडमध्ये डोकावून पाहा. आपल्या बीड जिल्ह्यात त्या दिवसांत पारा ४२ अंश सेल्सियसपर्यंत चढणे नवे नाही. कोंबड्या चोच उघडून धापा टाकीत, पंख अंगापासून दूर धरून बसलेल्या दिसतील. पुढ्यात खाद्य आहे, पण एकही टिपत नाही. "मठ्ठ जात! मरेल, पण खाणार नाही," असे मालक वैतागून म्हणतो. माझ्या मते येथे कोंबडीचे बरोबर आहे आणि मालकाचे चुकते आहे.

कसे ते पाहू. कोंबडीच्या शरीराचे तापमान सुमारे ४१ अंश, म्हणजे आपल्यापेक्षा चार अंशांनी जास्त असते. तिला घर्मग्रंथी नाहीत. हवाच ४२ अंशांची झाली की शरीरातील उष्णता बाहेर टाकायला एकच मोठा मार्ग उरतो, तो म्हणजे तोंड, घसा व श्वसनमार्गातील पाण्याचे बाष्पीभवन. एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे २,४०० ज्यूल उष्णता शोषली जाते. दोन किलो वजनाच्या कोंबडीचे तापमान एक अंशाने उतरवायचे तर सुमारे ७,००० ज्यूल काढून घ्यावे लागतात. भागाकार करा. अवघे तीन ग्रॅम पाणी, चहाच्या चमचाभरही नाही!

मेंदूसाठी तर आणखी एक सोय आहे. डोळ्याच्या मागे बारीक रक्तवाहिन्यांचे जाळे असते. तोंडाच्या, नाकाच्या व डोळ्यांच्या ओलसर पृष्ठभागावर थंड झालेले रक्त त्या जाळ्यातून परतते आणि मेंदूकडे निघालेल्या गरम रक्ताची उष्णता काढून घेते. त्यामुळे मेंदू बाकी शरीरापेक्षा सुमारे एका अंशाने थंड राहतो. (मोटारीच्या रेडिएटरची आम्ही वर्गात एवढी वाखाणणी करतो, पण हे उदाहरण आमच्या पुस्तकात नाही.) याच मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा भाग आहे. तापमान चढते आहे हे ओळखून तो श्वास वाढवतो, तहान वाढवतो आणि भूक मारतो. भूक का? कारण अन्न पचतानाही उष्णता निर्माण होते. म्हणून भर दुपारी खाद्य पुढे ढकलण्यापेक्षा ते उचलून ठेवावे, पहाटे व संध्याकाळी द्यावे, आणि थंड पाणी मात्र सतत असावे.

या व्यवस्थेला मर्यादा आहेत. सतत धापा टाकल्याने कार्बन डायऑक्साइड फार बाहेर पडतो, रक्त अल्कधर्मी होते, अंड्याचे कवचही पातळ होते. मेंदूच्या पेशींतील प्रथिनांची घडण उष्णतेने बिघडू लागते. ती सावरणारी खास प्रथिने पेशी तयार करतात, पण शरीर ४५ अंशांच्या पुढे गेले की तीही पुरी पडत नाहीत. कोंबडी झोकांड्या खाते, मान टाकते.

माझ्या परिचयाच्या एका शेतकऱ्याने उन्हाच्या झळा येऊ नयेत म्हणून शेडच्या चारही बाजूंना ओले गोणपाट घट्ट बांधले. दुपारी वीज गेली, पंखे थांबले. आतली हवा कोंबड्यांच्या श्वासानेच दमट होत गेली आणि संध्याकाळी मेलेले पक्षी टोपल्यांनी बाहेर काढावे लागले. भिंतीवरचा तापमापक मात्र बाहेरच्यापेक्षा कमीच दाखवीत होता!

तो तापमापक खोटा नव्हता, अपुरा होता. तुमच्या प्रयोगशाळेत ओल्या व कोरड्या फुग्याचे तापमापक असतात. धापा टाकणारी कोंबडी म्हणजे जणू ओला फुगाच. हवा ४२ अंशांची आणि सापेक्ष आर्द्रता २० टक्के असेल, तर ओला फुगा २४ अंशांच्या आत राहतो. ३६ अंश आणि ६५ टक्के असेल, तर तो ३० अंशांवर जातो. आपल्या भागातली कोरडी हवा एरवी कोणाला आवडत नाही, पण कोंबडीला ती उपकारक आहे. ओले गोणपाट वारा येतो त्या बाजूलाच बांधावे आणि समोरची बाजू मोकळी ठेवावी.

प्रत्येक शेडमध्ये हे दोन तापमापक असावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. साध्या तापमापकाच्या फुग्याला ओली चिंधी गुंडाळली की दुसरा तयार होतो. फक्त तो माणसाच्या डोळ्यांसमोर टांगू नका. जमिनीपासून वीतभर उंचीवर, कोंबडीचे डोके असते तेथे बांधा, आणि तिची चोच पोहोचणार नाही अशी जाळी त्याला लावा.