कलम 64अ आणि आपले डिस्चार्ज कार्ड

पांढुर्णा-सौंसरकडचे पालक मुलाला घेऊन समोर बसतात, तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न औषधाचा नसतो. "नाव लिहिलं तर पोलिसांत जाणार नाही ना?" एवढेच त्यांना आधी कळायला हवे असते. अमली पदार्थांचे सेवन गुन्हा मानावे की आजार, हा वाद व्हिएन्नात संयुक्त राष्ट्रांच्या आयोगापुढे वर्षानुवर्षे चालला आहे. आपल्या व्यसनमुक्ती केंद्राच्या ओपीडीत तो या एका प्रश्नातून येतो. आणि आपण बहुतेक जण गुळमुळीत उत्तर देतो.

जगात या वादाची पांढुर्ण्याच्या दगडफेकीसारखी गोटमार झाली आहे. जाम नदीच्या एका काठावर बंदीवाले, दुसऱ्यावर मोकळीकवाले, आणि मधल्या पळसावरचा झेंडा जागच्या जागी. दोन्हीकडच्यांचे आवडते धोंडे दोन. पोर्तुगालने जुलै 2001 पासून दहा दिवसांच्या वापराइतका साठा बाळगणे फौजदारीतून काढले, पण सापडलेल्या माणसाला तीन जणांच्या समितीपुढे आणि तिथून उपचाराकडे नेण्याची व्यवस्थाही सोबतच उभारली. अमेरिकेतल्या ओरेगनने 2021 मध्ये शंभर डॉलर दंड ठेवला, तोही हेल्पलाइनवर तपासणी करून घेतली तर माफ. फोन फारच थोड्यांनी केले, उपचारकेंद्रांचा पैसा रखडला, आणि सप्टेंबर 2024 पासून तिथे बाळगणे पुन्हा गुन्हा झाले. शिक्षा असावी की नसावी, याचा निकाल यातून लागत नाही. दार उघडले आणि आत खाटच नसली तर काय होते, ते मात्र दिसते.

आपल्याकडचा घोळ जुना आहे. 1893-94 च्या हेम्प ड्रग्ज कमिशनने हजारावर साक्षी घेतल्या. त्या काळी मध्य प्रांतात खंडव्याकडे परवान्याने गांजा पिकत असे, आणि सौंसर त्याच प्रांतात होते. बेताच्या सेवनाने फारसे बिघडत नाही, सरसकट बंदी नको, कर लावून आवर घाला, असा कौल कमिशनने दिला. पुढे 1985 च्या एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्याने फुलोरा आणि राळ गुन्ह्यात टाकली, पाने वगळली. म्हणून मध्य प्रदेशात भांगेची दुकाने परवान्यावर चालतात, आणि त्याच झाडाचा थोडासा फुलोरा खिशात सापडला तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

पालकांच्या प्रश्नाचे उत्तरही याच कायद्यात आहे, कलम 64अ मध्ये. सेवनाचा किंवा अल्प प्रमाणातल्या मालाचा (अल्प म्हणजे गांजा एक किलोपर्यंत, हेरॉइन पाच ग्रॅमपर्यंत) आरोप असलेला व्यसनी माणूस स्वतःहून सरकारी किंवा सरकारमान्य केंद्रात उपचार घेईल, तर त्या गुन्ह्याचा खटला त्याच्यावर चालत नाही. उपचार पुरा केला नाही तर मात्र हे संरक्षण काढून घेता येते.

नेमकी इथे आपली लेखणी आडवी येते. पेशंट दोनदा घसरतो, तिसऱ्यांदा परत येतो. आपण मधल्या डिस्चार्ज कार्डावर 'उपचार सोडून गेला' असे खरडून मोकळे होतो. रिलॅप्स हा आजाराचाच भाग, असे शाळा-कॉलेजांत व्याख्याने देऊन सांगणारेही आपणच! 'पुन्हा सेवन, उपचार चालू' हे चार शब्द वकिलाच्या हाती असले तर निदान बाजू मांडता येते. तसेच 'स्वतःहून' या शब्दाचे. रात्री गाडी पाठवून पोराला उचलून आणायचे आणि अर्जावर त्याची सही घ्यायची, हा काही केंद्रांचा रिवाज माणुसकीला धरून नाहीच. कोर्टातही तो त्या पोराच्याच अंगाशी येईल.

तेव्हा दाखल करतानाच तारीख, कोण कोणासोबत आले आणि पेशंट काय म्हणाला, हे त्याच्याच शब्दांत नोंदवा. आणि आपल्या केंद्राची मान्यता कोणत्या तारखेपर्यंत आहे, ते कपाटातला कागद काढून याच आठवड्यात पाहून घ्या.