वसईचा दगड, गोव्याचे देऊळ

वसईतील कॅथलिक कुटुंब सुटीच्या दिवसांत मोटारीने गोव्याला निघते, तेव्हा समुद्रकिनारा, नातेवाईक आणि खरेदी यांच्या बेतात जुन्या गोव्यातील बॉम जेझू बॅसिलिकेसाठी तास-दीड तासाची जागा राखलेली असते, आणि चर्चला रोजच्या बोलण्यात ‘देऊळ’ म्हणणाऱ्या या समाजात त्या थांब्याला दर्शनाचेच मोल असते. गाडी पनवेल मागे टाकून कोकणच्या महामार्गाला लागली की घरातील आजी जपमाळ काढून पवित्र माळेची प्रार्थना सुरू करते, मागच्या बाकावरची नातवंडे अर्धवट झोपेत तिला साथ देतात, आणि प्रवासाच्या शेवटी गोंयच्या सायबाचे, म्हणजे संत फ्रान्सिस झेवियर यांचे, दर्शन घडावे एवढीच तिची इच्छा असते. त्यामुळे जुन्या गोव्यात उतरल्यावर सगळ्यांची पावले थेट आत वळतात आणि दर्शनी भिंत परतताना काढायच्या छायाचित्रापुरती उरते. वसईकरांच्या बाबतीत ही गोष्ट विशेष खटकते, कारण त्या भिंतीवरचा काळा दगड त्यांच्याच गावाकडून गेलेला आहे.

पोपनी विशेष मान दिलेल्या चर्चला बॅसिलिका म्हणतात आणि बॉम जेझूला हा मान 1946 मध्ये मिळाला. ‘बॉम जेझू’ या पोर्तुगीज शब्दांचा अर्थ ‘भला येशू’ असा असून हे चर्च बाळ येशूला वाहिलेले आहे. इग्नेशियस लोयोला यांनी स्थापन केलेल्या येशूसंघाने, म्हणजे जेझुइट धर्मगुरूंच्या संघाने, 24 नोव्हेंबर 1594 रोजी बांधकामाला आरंभ केला आणि 15 मे 1605 रोजी आर्चबिशप आलेइशो द मेनेझिस यांच्या हस्ते चर्चचा अभिषेक झाला. खर्चाचा मोठा भार कोचीनचे कप्तान जेरोनिमो मास्करेन्यस यांनी मृत्युपत्राने ठेवलेल्या धनातून भागला, आणि त्यांचे स्मारक आजही चर्चच्या आतील भिंतीत आहे.

दर्शनी भिंत जांभ्याची आहे. जांभा, ज्याला कोकणात चिराही म्हणतात, हा उष्ण आणि पावसाळी हवेत मूळ खडक झिजून तयार झालेला, लोहामुळे तांबडा दिसणारा दगड खाणीतून काढताना मऊ असतो आणि वारा लागला की टणक होतो. मात्र त्याच्या अंगभर छिद्रे असल्याने त्यावर बारीक कोरीवकाम टिकत नाही. म्हणून जिथे नक्षी हवी तिथे, म्हणजे खांबांना, दारांच्या व खिडक्यांच्या चौकटींना आणि वरच्या त्रिकोणी भागातील पट्टांना, कारागिरांनी बसाल्ट वापरला आणि तो वसईहून आणला. वसई 1534 पासून पोर्तुगिजांच्या ताब्यात होती, गोवा 1510 पासून, आणि दोन्ही ठिकाणे एकाच सागरी राज्याची असल्याने हा जड दगड गलबतांतून किनाऱ्याकिनाऱ्याने खाली नेणे त्या काळी सोयीचे होते. आजचे कुटुंब जो पल्ला दिवसभरात गाडीने काटते, तोच पल्ला चारशे वर्षांपूर्वी या दगडाने समुद्रावरून काटला.

भिंतीजवळ उभे राहिले की हा भेद हाताला कळतो. जांभ्यावर बोट फिरवले तर ते खळग्यांत अडकते, पावसाळ्यानंतर त्या खळग्यांत हिरवट शेवाळ धरलेले असते आणि लाल भुकटी बोटाला लागते. त्याच्या शेजारचा काळा खांब थंड व घट्ट लागतो आणि छिन्नीने उमटवलेल्या रेषांची धार अजून बोथटलेली नाही. तळाशी तीन दरवाजे, त्यांच्यावर तीन चौकोनी खिडक्या, त्यांच्यावर तीन गोल खिडक्या आणि सर्वांत वर ग्रीक भाषेतील येशूच्या नावाची पहिली तीन अक्षरे कोरलेला पट्ट, अशी नजर वर चढत जाते आणि प्रत्येक टप्प्यावर तिला वाट दाखवतो तो हा काळा दगडच.

या भिंतीवर पूर्वी चुन्याचा गिलावा होता. तो 1950 च्या दशकात काढण्यात आला आणि जांभा उघडा पडला. तेव्हापासून गोव्याचा पाऊस थेट त्या छिद्रांत मुरतो आहे. रस्त्यापलीकडचे से कॅथेड्रल पांढऱ्या गिलाव्यात सुरक्षित आहे, आणि दोन्ही इमारती एका नजरेत पाहिल्या की बॅसिलिकेचा तांबडा रंग हा तिचा मूळ वेश नसल्याचे ध्यानात येते. दोन-तीन पिढ्यांना ही इमारत तांबडीच ठाऊक असल्याने गिलावा परत चढवण्याच्या विचाराला विरोध होतो आणि त्यामागचे प्रेम खरे आहे. तरीही जांभ्याचे अंग चुन्याने झाकणे ही कोकण-गोव्याच्या गवंड्यांची जुनी, अनुभवाने ठरलेली रीत आहे आणि ती येथे पुन्हा पाळली जावी, हेच योग्य वाटते.

आत शिरल्यावर सोनेरी मुलाम्याच्या मुख्य वेदीवर बाळ येशूची लहानशी मूर्ती आणि तिच्यावर संत इग्नेशियस यांची भव्य मूर्ती दिसते. झेवियर यांचे निधन 3 डिसेंबर 1552 रोजी चीनजवळच्या शांगचुआन बेटावर झाले, मलाक्कामार्गे त्यांचा देह 1554 मध्ये गोव्यात आला आणि 1622 मध्ये त्यांना संतपद मिळाले. या चर्चमध्ये त्यांचा देह ज्या चांदीच्या पेटीत आहे ती गोव्याच्या सोनारांनी 1636-37 मध्ये घडवली, तर तिच्याखालचा संगमरवरी चौथरा टस्कनीचे ग्रँड ड्यूक तिसरे कोसिमो यांनी पाठवला; शिल्पकार फोज्जिनी यांच्या हातचे हे काम 1698 मध्ये येथे उभे राहिले. पेटी इतक्या उंचावर आहे की आजीला मान वर करून हात जोडावे लागतात, आणि देहाचे जवळून दर्शन साधारणपणे दर दहा वर्षांनी होते. मागचे 21 नोव्हेंबर 2024 ते 5 जानेवारी 2025 या काळात झाले. झेवियर स्वतः वसईलाही येऊन गेले होते, ही आठवण तिकडच्या घरांत आवर्जून सांगितली जाते.

1739 मध्ये मराठ्यांचे सेनापती चिमाजी अप्पांनी पोर्तुगिजांकडून वसई जिंकली आणि तिथल्या किल्ल्यातील चर्चे हळूहळू ओस पडली. गोव्याहून परतलेले कुटुंब पुढच्या एखाद्या रविवारी मिस्सा आटोपून किल्ल्यात गेले, तर जेझुइटांच्या तेथील चर्चच्या दारापाशी मुलांना ओळखीचे काळे कोरीव खांब दिसतील.