साहेबांना कशाला विचारायचं?

फांदी पडून आमच्या जीपच्या सनरूफची काच तडकली. पाड्यांवर औषधं न्यायची आणि पावसाळा तोंडावर! गॅरेजवाला म्हणाला, "वहिनी, कडेनं सिलिकॉन भरून टाकतो. साहेबांना विचारा." गाडी चालवते मी, साहेबांना काय विचारायचं?

मैत्रिणींनो, 'गाडीतलं आपल्याला काय कळतं' हे आपणच म्हणतो, ते मला पटत नाही. पावसाळ्याआधी घराची पन्हळ आपणच साफ करून घेतो ना? सनरूफचंही तेच. रबर सगळं पाणी अडवत नाही. झिरपलेलं पाणी चौकटीच्या पन्हळीतून, कोपऱ्यांतल्या नळ्यांवाटे खाली जातं. तिथे सिलिकॉन गेलं, की पाणी आपल्या डोक्यावर. मी काच आणि रबर नवीन घालायला लावलं, नळ्यांतला पाचोळा काढायला लावला. पन्हळीत तांब्याभर पाणी ओतलं, ते चाकाजवळ ठिबकलं, मगच पैसे दिले.