ती ओळ कोणी पुसली?

गेल्या महिन्यात रात्री साडेअकराला कॉलेजच्या टीममधल्या एका ज्युनिअरचा मेसेज आला. "दादा, टायरची ती जुनी फाइल न्यूटनमध्ये आहे की पाउंडात?"

मी 'न्यूटन' असं टाइप केलं आणि थांबलो. कशावरून न्यूटन? फाइल मीच बनवली होती. नाव होतं 'टायर_साफ_फायनल'. आत आकड्यांचे कॉलम, वर कॉलमची नावं, बस. एकक कुठेच नाही. लॅपटॉप उघडला, जुन्या हार्डडिस्कवरून मूळ फाइल शोधून काढली, आणि रात्री एक वाजता मला कळलं की तीन वर्षांपूर्वी आमची गाडी जशी बनली तशी ती का बनली.

आधी थोडं टायरबद्दल सांगतो. विद्यार्थ्यांच्या फॉर्म्युला गाड्यांसाठी टायरची मोजमापं मिळवणं हे काही कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये जमण्यासारखं काम नाही. जगभरातल्या टीम एका कन्सोर्टियमचे सभासद होतात, एकदाच फी भरतात आणि अमेरिकेत बफेलोजवळच्या कॅलस्पॅनच्या टेस्ट सेंटरमध्ये मोजलेला डेटा त्यांना मिळतो. तिथे सपाट पट्टा रस्त्यासारखा पळतो, त्यावर सँडपेपरसारखा खरखरीत थर असतो, आणि वरून टायर दाबून धरतात. मग चाक थोडं तिरकं वळवतात, थोडं कलवतात, भार वाढवतात, हवा कमी-जास्त करतात. चाकाचं तोंड जिकडे आहे आणि चाक प्रत्यक्षात जिकडे जातंय, यातल्या कोनाला स्लिप अँगल म्हणतात. तो बदलत गेला की टायर बाजूला किती जोर लावतो, हे सेकंदाला कित्येकदा नोंदवलं जातं. एका टेस्टमध्ये हजारो ओळी तयार होतात. गाडीबद्दल तुम्ही बाकी जे काही ठरवता, स्प्रिंग, सस्पेन्शन, चाकांमधलं अंतर, ते सगळं शेवटी या ओळींवर उभं असतं, कारण गाडीचा रस्त्याशी संबंध येतो तो तळहाताएवढ्या चार ठिकाणी.

आता त्या मूळ फाइलमध्ये काय असतं ते बघा. पहिल्या ओळीत टेस्टची ओळख. दुसऱ्या ओळीत कॉलमची नावं. तिसऱ्या ओळीत प्रत्येक कॉलमचं एकक. मग आकडे. डेटा देणाऱ्यांनी एकच टेस्ट दोन फोल्डरमध्ये दिली होती, एकात मेट्रिक, दुसऱ्यात पाउंड आणि पीएसआय. याहून सभ्यपणे डेटा देता येत नाही. त्यांची काहीही चूक नाही.

आमच्या सॉफ्टवेअरला मात्र डोक्यावर एकच ओळ हवी होती. दोन ओळी दिसल्या की ते लाल अक्षरात कुरकुर करायचं. मी तिसरी ओळ, एककांची, सिलेक्ट केली आणि डिलीट दाबलं. कुरकुर थांबली. सॉफ्टवेअरने पुढे काही विचारलं नाही. एकक नाही म्हणजे न्यूटन, असं त्याने स्वतःच ठरवलं आणि हिरवी टिकमार्क दाखवली. मी उघडलेला फोल्डर पाउंडाचा होता.

आता तुम्ही म्हणाल, एवढी मोठी चूक ग्राफवर दिसली कशी नाही? हीच तर गंमत आहे. टायरची पकड आपण बघतो ती भागाकाराने: बाजूचा जोर भागिले वरचा भार. दोन्ही पाउंडात असले काय, न्यूटनमध्ये असले काय, भागाकार तोच येतो. ग्राफ सुंदर आला. सरांना दाखवला, सर म्हणाले, वा. चूक लपली होती ती आडव्या अक्षात. टायर ५० ते २५० पाउंड भाराखाली मोजला होता, म्हणजे साधारण २२० ते १११० न्यूटन. आमच्या मॉडेलला वाटत होतं की तो ५० ते २५० न्यूटनमध्ये मोजलाय. ड्रायव्हरसकट आमची गाडी २८० किलोची. उभी असताना एका चाकावर ७०० न्यूटनच्या आसपास, वळणात बाहेरच्या चाकावर हजार. म्हणजे मॉडेल स्वतःच्या माहितीच्या तीन-चार पट बाहेर जाऊन बिनधास्त उत्तरं देत होतं. भार वाढला की टायरची पकड त्या प्रमाणात वाढत नाही, थोडी मागे पडते, हे खरंच आहे. पण आमच्या मॉडेलमध्ये ती मागे पडत नव्हती, कोसळत होती.

आणि आम्ही ते गोड मानून घेतलं! कारण आम्हाला हेही माहीत होतं की सँडपेपरवरची पकड डांबरावरच्यापेक्षा जास्त येते, म्हणून सगळेच मॉडेलची पकड कापून वापरतात. आमची आधीच कमी आली, तेव्हा आम्हाला वाटलं, चला, हे तर वास्तवाच्या जवळ आहे. अर्धवट ज्ञानाने एका चुकीला दुसरं कारण पुरवलं.

परिणाम असा की सॉफ्टवेअरने ओरडून सांगितलं, बाहेरच्या चाकावर भार जाऊ देऊ नका. भार कमी न्यायचा तर गाडी रुंद करायची. आम्ही केली. सस्पेन्शनचे आर्म लांबले, वजन वाढलं, आणि ती रुंद गाडी घेऊन आम्ही अशा ट्रॅकवर गेलो जिथे शंकूंच्या मधून नागमोडी जायचं असतं आणि पाडलेल्या प्रत्येक शंकूला दोन सेकंद दंड असतो. आमची ड्रायव्हर तेव्हा सेकंड इयरला होती. तिने शंकू पाडले. संध्याकाळी तंबूत जे बोललं गेलं ते मी इथे लिहीत नाही, पण पुढच्या वर्षी तिने ड्रायव्हिंगला नाव दिलं नाही आणि आम्ही कुणीच तिला 'का गं?' असं विचारलं नाही. सगळ्यांना उत्तर माहीत आहे असं वाटत होतं.

म्हणून मला आता भांडायचं आहे. पहिलं भांडण आपल्याशी, इंजिनिअरिंगवाल्यांशी. आपल्याकडे डेटा 'घेणं' हे काम नवीन पोराला देतात. मॉडेलिंग करणारा हुशार, सिम्युलेशन करणारा त्याहून हुशार, आणि फाइल आत ओढणारा हा कारकून, अशी उतरंड आहे. फर्स्ट इयरच्या मुलाला सांगतात, "अरे, तेवढं इम्पोर्ट करून ठेव." तेवढं! ज्या क्षणी मोजमाप एका घरातून दुसऱ्या घरात जातं, त्याच क्षणी त्याचा अर्थ सांडतो. माझी आजी धान्य मोजून घेताना आधी विचारायची, "कुणाची पायली?" कारण गावोगावी पायली वेगळी. चौथी शिकलेल्या बाईला जे कळत होतं ते चार वर्षं इंजिनिअरिंग करून माझ्या हातून निसटलं, कारण माझ्यापर्यंत आकडा आला तेव्हा तो स्क्रीनवर होता आणि स्क्रीनवरचा आकडा आपल्याला खरा वाटतो.

त्यात एककं हा सोपा प्रकार आहे. टायरच्या जगात चिन्हांची भानगड त्याहून वाईट. अमेरिकन परंपरेत उभा अक्ष खाली जातो, म्हणून चाकावरचा भार फाइलमध्ये उणे दिसतो. आयएसओच्या पद्धतीत तो वर जातो, भार अधिक. स्लिप अँगलचं, कॅम्बरचं चिन्हही पद्धतीनुसार फिरतं. उणे भार बघून किती पोरांनी तो कॉलम उणे एकने गुणून 'दुरुस्त' केला असेल आणि बाकीचे कॉलम तसेच ठेवले असतील! मग मॉडेल सांगतं की चाक आत कलवलं तर पकड जाते, आणि आपण ते बाहेर कलवत बसतो.

दुसरं भांडण सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांशी, आणि हे जास्त कडू आहे. तुम्ही अंदाज का करता? एकक लिहिलेलं नसेल तर फाइल नाकारा. लाल अक्षरात कुरकुर तुम्हाला येतेच, मग ती जिथे हवी तिथे करा. दोन ओळी दिसल्या म्हणून अडवणारं आणि एककच नाही म्हणून न अडवणारं सॉफ्टवेअर हे चप्पल बाहेर काढायला लावून चोराला आत घेणाऱ्या वॉचमनसारखं आहे. तुमचं उत्तर मला माहीत आहे: वापरणाऱ्याला अडवलं की तो कंटाळतो, दुसऱ्या कंपनीकडे जातो. म्हणजे कंटाळा टाळायला तुम्ही खोटं बोलायची परवानगी घेतली.

हा आजार फक्त टायरचा नाही. एक्सेल जनुकांच्या नावांना तारखा समजायचं. एका जनुकाचं नाव होतं सेप्ट १, ते झालं १ सप्टेंबर. शेवटी २०२०मध्ये नावं ठरवणाऱ्या समितीने जनुकांचीच नावं बदलली. हे आपोआप होणारं रूपांतर बंद करायची सोय एक्सेलमध्ये आली ती २०२३मध्ये. त्याच २०२०मध्ये इंग्लंडमध्ये कोविडच्या १५,८४१ रुग्णांची नोंद वेळेवर पुढे गेलीच नाही, कारण जुन्या एक्सेल फाइलमध्ये ६५,५३६ ओळींपुढे जागा नसते. त्या माणसांच्या संपर्कात आलेल्यांना वेळेवर फोन गेले नाहीत. मंगळाभोवती फिरायला निघालेलं नासाचं यान १९९९मध्ये पाउंड आणि न्यूटनच्या घोळात गेलं, हे तर प्रत्येक फर्स्ट इयरला विनोदासारखं सांगतात. मलाही सांगितलं होतं. मी हसलो होतो.

"अरे, पण इंजिनिअरने स्वतः तपासायला नको का?" हवं. माझ्या फाइलमध्ये हवेच्या दाबाचा कॉलम होता. त्यात १२ लिहिलं होतं. १२ पीएसआय म्हणजे आमच्या टायरला साजेसा दाब. १२ किलोपास्कल म्हणजे जवळजवळ पंक्चर. एकदा जरी त्या कॉलमकडे बघितलं असतं तरी सगळं उघड झालं असतं. पण आमचं मॉडेल दाब वापरत नव्हतं, म्हणून मी तो कॉलमही 'साफ' करताना उडवला. माझा दोष मी मान्य करतो, आणि तरीही म्हणतो की जी व्यवस्था विसाव्या वर्षीच्या, दोन रात्री न झोपलेल्या पोराच्या लक्षावर उभी आहे ती व्यवस्था नाही.

आणि हे 'साफ' करणं! आपल्याकडे या शब्दाला फार मान आहे. टायरच्या डेटामध्ये वेळेचा कॉलम असतो, तापमानाचे कॉलम असतात. लोक ते पहिल्यांदा उडवतात. पण टेस्टमध्ये टायर तापतो, झिजतो. पहिल्या फेरीतला टायर आणि शेवटच्या फेरीतला टायर हे दोन वेगळे टायर आहेत. कोन उजवीकडे जाताना एक रेषा मिळते, परत येताना दुसरी, आणि त्या दोन रेषांमधल्या फटीत बरंच काही असतं. आपण सरासरी काढतो, एक गुळगुळीत रेषा ठेवतो आणि मूळ फाइल जागा खाते म्हणून टाकून देतो. मोबाइलमध्ये लग्नाचे चार हजार फोटो ठेवणारे आपण! टायरचं मोजमाप पुन्हा घेता येत नाही. मोजतानाच तो टायर संपलेला असतो.

उपाय अवघड आहे असं कुणी सांगू नये. १९९०च्या दशकात गाडीवाले, टायरवाले आणि संशोधक एकत्र बसले आणि त्यांनी टायडेक्स नावाचा साधा टेक्स्ट फॉरमॅट ठरवला. त्यात आधी ओळख, मग टेस्टची स्थिर माहिती, मग प्रत्येक चॅनलचं नाव आणि एकक, आणि मगच आकडे. नोटपॅडमध्ये उघडतो. टायर मॉडेलच्या फाइलमध्येसुद्धा एककांचा वेगळा भाग असतो. म्हणजे मोठ्यांना हे केव्हाच कळलेलं होतं. कॉलेजमध्ये आपण ते फेकून सीएसव्ही करतो, कारण सीएसव्ही सगळीकडे चालते. हो, चालते. काहीही न बोलणारा माणूसही सगळीकडे चालतो.

मला एवढंच हवं आहे: मूळ फाइलला कुणी हात लावू नये, ती फक्त वाचता यावी. बदल करायचे ते हाताने नाही, स्क्रिप्टने, आणि ती स्क्रिप्ट मूळ फाइलच्या शेजारीच राहावी. आणि 'साफ', 'फायनल', 'फायनल_खरी' ही नावं ठेवणाऱ्याला टीमने चहाचं बिल लावावं. एआय आता फाइल आपोआप ओळखतो, हे कृपया मला सांगू नका. ओळखतो म्हणजे अंदाजच करतो, फक्त जास्त आत्मविश्वासाने.

ज्युनिअरला मी रात्रीच मूळ फाइल पाठवली, तीनही ओळींसकट. त्याने विचारलं, "दादा, मग तुमच्या वर्षीची गाडी?" मी त्याला खरं ते सांगितलं. सकाळी मी आमच्या तेव्हाच्या ड्रायव्हरला दोन ग्राफ पाठवले, चुकीचा आणि बरोबर, आणि खाली काय झालं होतं ते लिहिलं. माफी मागितली, पण ती त्या ग्राफखाली फार बारीक दिसत होती.

दोन तासांनी तिचा रिप्लाय आला. "किती शंकू होते, आठवतंय का तुला?"

मला आठवत नव्हतं.

"अकरा," तिने लिहिलं.