जुनी इटालियन मोटार विकणे आहे, पण कागदपत्रांचे काय?

पनवेल - उत्तम राखलेली, कमी धावलेली, छत उघडणारी जुनी इटालियन स्पोर्टस् मोटार विकणे आहे, अशा मजकुराच्या जाहिरातीत हौशी मनुष्य प्रथम रंग पाहतो, मग किंमत विचारतो. युरोप-अमेरिकेत हे क्रम ठीक आहेत. आपल्याकडे मात्र अशा मोटारीची निम्मी किंमत तिच्या पत्र्यात व इंजिनात असते आणि उरलेली निम्मी एका जुनाट फायलीत. ही फाईल नसेल तर लखलखीत मोटारही हस्तांतरणाच्या खिडकीपाशी अडते. गेल्या पाच वर्षांत केंद्र सरकारने जुन्या वाहनांबाबत जे नियम केले, त्यांनी या बाजाराला प्रथमच काही शिस्त लावली हे खरे. तथापि त्याच नियमांनी एक मोठी पोकळीही निर्माण केली आहे. वीस ते पन्नास वर्षे वयाच्या मोटारी नेमक्या त्या पोकळीत सापडल्या आहेत.

या विषयाशी पनवेलचा संबंध केवळ योगायोगाचा नाही. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग कळंबोलीपासून सुरू होतो, जुना महामार्ग शहरालगतून जातो, न्हावाशेव्याचे बंदर शेजारच्या उरण तालुक्यात आहे. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाला आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले. मुंबईत मोटार उभी करायला जागा नाही म्हणून ती पनवेल-कर्जत पट्ट्यातील फार्महाऊसवर नेऊन ठेवायची, हा श्रीमंतांचा जुना रिवाज. हौसेच्या गाड्या रविवारी सकाळी बाहेर निघतात त्याही याच रस्त्यांवर.

इटालियन मोटार ही महाराष्ट्राला परकी वस्तू नव्हे. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्याच्या कारखान्यात पन्नासच्या दशकात फियाटच्या मोटारी बनवण्यास प्रारंभ केला. फियाट ११०० चीच पुढे ‘प्रीमियर पद्मिनी’ झाली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून तिची शेवटची काळी-पिवळी टॅक्सी निवृत्त झाली, तेव्हा शहराने तिला जवळपास घरच्या माणसासारखा निरोप दिला. १९८५ मध्ये आलेली ‘प्रीमियर ११८ एनई’ हीदेखील मूळची फियाट १२४ च. फक्त तिच्यात निस्सानचे इंजिन बसवलेले होते. याच फियाट १२४ ची उघड्या छताची, दोन दारांची बहीण म्हणजे ‘१२४ स्पायडर’. तूरीनच्या पिनिनफारिना या विख्यात मोटार-शिल्पशाळेत टॉम यार्डा या अमेरिकी आरेखकाने तिला आकार दिला, १९६६ मध्ये ती लोकांपुढे आली आणि १९८५ पर्यंत सुमारे दोन लाख मोटारी तयार झाल्या. त्यातील बहुतांश अमेरिकेत विकल्या गेल्या. त्याच वर्षी आलेली अल्फा रोमिओची ‘स्पायडर’ तर १९९४ पर्यंत बनत होती. म्हणजे एका बहिणीने कुर्ल्यात संसार थाटला आणि दुसरी कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर फिरत राहिली.

ती इकडे का आली नाही, याचे उत्तर आयात धोरणात आहे. १९५३ च्या टॅरिफ कमिशनच्या अहवालानंतर ज्यांना देशात मोटार बनवायची नव्हती, केवळ सुटे भाग जोडायचे होते, त्यांना गाशा गुंडाळावा लागला. मुंबईत शिवडीला १९२८ पासून असलेला जनरल मोटर्सचा कारखाना त्याच लाटेत बंद झाला. पुढे कित्येक दशके परदेशी बनावटीची पूर्ण मोटार आणणे ही परवान्याची बाब राहिली. तेव्हा आज महाराष्ट्रात एखादी जुनी इटालियन उघडी मोटार दिसली, तर ती येण्याचे मार्ग मोजकेच उरतात. स्वातंत्र्यापूर्वी एखाद्या संस्थानिकाने वा उद्योगपतीने आणलेली, वकिलातीच्या अधिकाऱ्याने वापरून स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनमार्फत विकलेली, परदेशातील वास्तव्य संपवून परतलेल्या कुटुंबाने सोबत आणलेली किंवा अलीकडच्या आयात नियमांखाली आलेली. पाचवा मार्गही आहे आणि तो काळा आहे: तात्पुरत्या परवान्यावर येऊन परत न गेलेली, चुकीचे वर्ष दाखवून उतरवलेली किंवा दुसऱ्याच मोटारीच्या कागदांवर जगणारी मोटार. सप्टेंबर २०२५ मध्ये सीमाशुल्क विभागाने केरळमध्ये ‘ऑपरेशन नुमखोर’ या नावाने छापे टाकले, तेव्हा भूतानमार्गे आणलेल्या परदेशी गाड्यांचा प्रश्न देशभर चर्चिला गेला. पाचवा मार्ग अजून वाहता आहे, एवढे त्यावरून स्पष्ट होते.

इटालियन स्पोर्टस् मोटार आणि सीमाशुल्क यांची सर्वांत गाजलेली गाठ मात्र मुंबईतच पडली होती. कसोटीत डॉन ब्रॅडमन यांच्या २९ शतकांची बरोबरी केल्याबद्दल फियाटने २००२ मध्ये सचिन तेंडुलकर यांना फेरारी ३६० मोडेना भेट दिली. मायकेल शूमाकर यांच्या हस्ते ती इंग्लंडमध्ये सुपूर्द झाली. ती घरी आणताना सुमारे १ कोटी १३ लाख रुपयांचे शुल्क माफ करण्याचा केंद्राचा निर्णय २००३ मध्ये वादात सापडला, प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले आणि अखेर ते शुल्क फियाटने भरले. २०११ मध्ये ही मोटार सुरतच्या एका व्यावसायिकाकडे गेली. ती बंद छताची होती, हा तपशील येथे गौण आहे. शुल्क मोटारीच्या किमतीहून अधिक असू शकते आणि ते कोणी भरले हा प्रश्न मोटारीचा पाठलाग सोडत नाही, हे त्या प्रकरणाने सामान्य वाचकालाही कळले. त्या मोटारीचे शुल्क भरल्याची साऱ्या देशाला माहिती होती. तळघरात वीस वर्षे झाकून ठेवलेल्या मोटारीच्या बाबतीत तशी साक्ष द्यायला कोणीच नसते.

म्हणूनच ‘बिल ऑफ एन्ट्री’ हा सीमाशुल्क विभागाचा कागद नोंदणी पुस्तिकेइतकाच महत्त्वाचा ठरतो. त्यावरील चासी क्रमांक, नोंदणी पुस्तिकेवरील क्रमांक आणि प्रत्यक्ष पत्र्यावर कोरलेला क्रमांक हे तिन्ही जुळले पाहिजेत. आयातीत गैरप्रकार आढळल्यास सीमाशुल्क कायद्याखाली वाहन जप्त होऊ शकते. ते मधल्या काळात दोन-तीन हातांतून फिरले म्हणून निर्दोष ठरत नाही. आयातीच्या वेळी पुनर्विक्रीवर काही अट घातली होती का, हेही पाहणे आवश्यक. विमा चालू आहे, प्रदूषण प्रमाणपत्र आहे, नमुना २९ व ३० वर सह्या करून देतो, एवढ्यावर विश्वसणारे खरेदीदार आजही भेटतात, याचे आश्चर्य वाटते.

आता नियमांकडे वळू. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती होऊन ‘व्हिंटेज’ वाहनांची व्याख्या झाली. प्रथम नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेली, सांगाडा, बॉडी व इंजिन यांत मोठा फेरफार न झालेली दुचाकी वा चारचाकी या वर्गात येते. नव्याने नोंदणी होत असेल तर क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे असतात. पूर्वीच नोंदलेल्या वाहनाला आपला मूळ क्रमांक ठेवता येतो. १९८९ पूर्वीच्या तीन अक्षरी मालिकेचा क्रमांक जपून ठेवणाऱ्यांना याचा आनंद समजेल. नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये, मुदत दहा वर्षे. पुनर्नोंदणीला ५ हजार. खरेदी-विक्रीलाही मुभा आहे, मात्र दोन्ही पक्षांनी ९० दिवसांत परिवहन प्राधिकरणाला कळवायचे. अट एकच, पण कडक. ही मोटार रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे आणि देखभाल एवढ्यासाठीच तिने बाहेर पडायचे.

पन्नास वर्षांखालील मोटारीला हे बंधन नाही, पण तिचा भुर्दंड निराळा. एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरील आयात मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाचे शुल्क १५ हजारांवरून ४० हजार झाले. ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरील वाहनांसाठी नवे दर आले: देशी मोटारीला १० हजार, आयात मोटारीला ८० हजार. नूतनीकरण दर पाच वर्षांनी. महाराष्ट्रात २०१० पासून जुन्या वाहनांवर पर्यावरण करही आहे, पण त्याची रक्कम यापुढे किरकोळ वाटावी. हिशेब मांडला तर १९७४ ची स्पायडर व्हिंटेज नोंदणीखाली दहा वर्षांना २० हजार भरते आणि घरात बसते. १९८४ ची तीच मोटार, तेच इंजिन, तोच आकार, दहा वर्षांना १ लाख ६० हजार भरते आणि तिला ‘जुने प्रदूषक वाहन’ म्हणतात.

शुल्कवाढीमागील हेतू जुनी वाहने भंगारात जावीत हा आहे आणि रोज धावणाऱ्या वाहनांबाबत तो योग्यच आहे. परंतु वर्षाला पाचशे-सातशे किलोमीटर धावणाऱ्या हौसेच्या मोटारीने हवा किती बिघडते आणि एखाद्या जुन्या डिझेल ट्रकने किती, याचा विचार या दरपत्रकात नाही. ते केवळ वय मोजते. दुसरे असे की, सरकारी यंत्रणांचेही ‘जुनी मोटार’ कशाला म्हणावे यावर एकमत दिसत नाही. विमा क्षेत्राच्या जुन्या टॅरिफनुसार ३१ डिसेंबर १९४० पूर्वीची मोटार व्हिंटेज. आयात धोरणात अनेक वर्षे १ जानेवारी १९५० ही रेघ होती. २०२५ मध्ये ती पुसून पन्नास वर्षांची सरकती मर्यादा आली. या बदलाने साठ-सत्तरच्या दशकांतील इटालियन स्पायडर मोटारींना भारताचा दरवाजा अधिकृतपणे किलकिला झाला. शुल्क मात्र पूर्वीसारखेच भरभक्कम.

किलकिल्या दरवाजातून आत येताच आणखी एक पेच उभा राहतो. फियाट १२४ स्पायडर कारखान्यातून डाव्या बाजूच्या चाकाचीच निघत असे. वापरलेल्या सर्वसाधारण मोटारींच्या आयातीत तीन वर्षांची वयोमर्यादा आणि उजव्या बाजूचे चाक या अटी आहेत. मोटार वाहन कायद्याचे कलम १२० मात्र डाव्या चाकावर सरसकट बंदी घालत नाही. इशारा देणारे यांत्रिक वा विद्युत साधन चालू स्थितीत असावे एवढेच सांगते. हे कलम हौशी मालकांनाही फारसे ठाऊक नसते.

राहिला प्रश्न ‘कमी धावलेली’ या विशेषणाचा. आपल्याकडे ते गुणवाचक समजले जाते. वस्तुत: अशा मोटारीच्या बाबतीत ते खरेदीदाराला सावध करणारे असावे. त्या काळच्या बहुतेक मोटारींचा किलोमीटर-मापक पाच आकडी. ९९,९९९ नंतर तो पुन्हा शून्यावर येतो. अमेरिकेतून आलेल्या मोटारीत तो मैल दाखवतो. हे आकड्याचे झाले. फियाटचे ट्विन-कॅम इंजिन हे फेरारीत काम केलेल्या ऑरेलिओ लाम्प्रेदी यांची निर्मिती. त्यातील कॅमशाफ्ट फिरवणारा दातेरी पट्टा रबराचा असतो. तो अंतराने झिजतो तसा वयानेही कडक होतो. मोटार वीस वर्षे हललीच नसेल आणि मालकाने हौसेने चावी फिरवली, तर पट्टा तुटून व्हॉल्व्ह वाकण्याची भीती असते. ब्रेकची रबरे, पेट्रोलच्या नळ्या, कार्बोरेटरची गास्किटे यांची हीच कथा. त्यात २० टक्के इथेनॉलमिश्रित पेट्रोलची भर पडली आहे. इथेनॉल हवेतील ओलावा शोषते, जुन्या रबराला पोषक नसते. उभ्या मोटारीच्या टाकीत ते महिनोन्महिने राहिले तर आतून गंज धरतो.

आणि गंज हा तर इटालियन मोटारींचा जुना शत्रू. त्या काळच्या त्यांच्या पत्र्याची कीर्ती जगभर वाईटच होती. पनवेलला वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, शेजारी खाडी आहे, हवा खारट. येथे एखादी मोटार कापडी छताखाली उभी राहिली, तर पाणी गालिच्याखाली मुरते आणि तळाचा पत्रा वरून चकचकीत, खालून चाळणी होतो. तेव्हा मालकाने रंगकामाचे छायाचित्र दाखवले तर खरेदीदाराने मोटार लिफ्टवर चढवायला सांगावी.

धोरणाच्या बाजूने उपाय फार अवघड नाही. वीस किंवा तीस वर्षांपुढील, मूळ स्वरूपात राखलेल्या मोटारींसाठी मर्यादित वापराचा एक मधला वर्ग निर्माण करता येईल: वर्षाला ठराविक किलोमीटर, माफक शुल्क, आणि त्या बदल्यात वर्गात शिरतानाच सीमाशुल्काच्या कागदांची कसून पडताळणी. जर्मनीत तीस वर्षांवरील जतन केलेल्या मोटारींना ‘एच’ अक्षराची पाटी मिळते आणि त्या रस्त्यावर चालतातही. आपल्या २०२१ च्या नियमांत राज्य पातळीवरील तपासणी समितीची तरतूद आहेच. तिचे काम थोडे वाढवावे लागेल. असे झाल्यास पाचव्या मार्गाने आलेल्या मोटारी आपोआप उघड्या पडतील. आज मालक ८० हजारांच्या भीतीने नूतनीकरणच टाळतो, मोटार ताडपत्रीखाली जाते आणि तिच्यासोबत तिचा पूर्वेतिहासही.

१९७६ मध्ये प्रथम नोंदलेल्या मोटारी २०२६ मध्ये पन्नाशी गाठतात. कुर्ल्याच्या पहिल्या ११८ एनई मोटारींना त्यासाठी २०३५ पर्यंत थांबावे लागेल. त्या देशी असल्याने तोवर दर पाच वर्षांना दहा हजार रुपये भरतील. त्यांच्यातील किती तोवर उभ्या असतील, याचा अंदाज कोणत्याही भंगारवाल्याला विचारून घेता येईल.